बावीस गाठी

सावळेवाडी, ता. केज
रविवार, २९ एप्रिल १९७३

ती. मोहनदादास,

मुक्ताचा नमस्कार.

इकडचं बरं म्हणायचं, म्हणजे जे जितं आहे ते बरं आहे. आपल्या विहिरीला अजून माणूस बुडेल एवढं, दीड परस पाणी आहे, अर्धा गाव तिच्यावरच शेंदतो. तुझी बैलजोडी छावणीत आहे. गहिनीनाथतात्या आठवड्यातून एकदा जाऊन बघून येतात. बालवाडीत सत्तावीस पोरं येतात. खायला सुकडी मिळते म्हणून येतात, पण येतात. वहिनीची खुशाली विचारलीस. ती बरी आहे, तिची काळजी करू नकोस.

मोठ्या भावाला पत्रात 'तुम्ही' लिहावं, एवढं मला कळतं. पण 'तुम्ही' लिहिलं की हे पत्र सोसायटीच्या चेअरमनला जाईल, आणि मला ते भावाला पाठवायचं आहे. म्हणून 'तू'च लिहिते.

तुझं पत्र आसारामनं परवा आणून दिलं. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून तो आपल्या घरात असाच वागतो. मी पत्र दोनदा वाचलं. तू तीन गोष्टी मागितल्यास. मी माफीनाम्यावर सही करायची. गोदामातून गेलेले कपडे अक्षय्य तृतीयेच्या आत घराघरांतून गोळा करून, धुऊन, परत गाठी बांधून ठेवायच्या. आणि मंत्री येतील त्या दिवशी मंडपात मागे उभं राहून गप्प बसायचं. नाहीतर बालवाडी जाईल आणि पोलिसातली तक्रार पुढे जाईल.

तिन्हींना माझं उत्तर नाही असं आहे. हे आधीच लिहून टाकते. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

तू तीन महिने बीडला आहेस. नव्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळात तुझं नाव लागावं म्हणून खटपट चालू आहे, ते मला ठाऊक आहे आणि ते वाईट आहे असंही मी म्हणत नाही. पण आसारामनं तुला जे सांगितलं तेवढंच तुला माहीत आहे. म्हणून मी सांगते.

संक्रांतीच्या आधी ट्रक आला, त्या दिवशी तू इथेच होतास. मुंबईच्या कुठल्याशा मंडळानं घरोघर फिरून जमवलेले जुने कपडे. बावीस गाठी. सोबत कागद होता, तो तूच चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलास. 'दुष्काळग्रस्त गरजूंना त्वरित वाटावेत.' लोकांनी ऐकलं. मग तू म्हणालास, शिवरात्रीला मंत्री येणार आहेत, त्यांच्या हातून वाटू. गाठी सोसायटीच्या गोदामात गेल्या आणि कुलूप लागलं. शिवरात्रीला मंत्री आले नाहीत. होळीला येणार म्हणाले. मग पाडव्याला. तीनदा मंडपाचे खांब रोवले आणि तीनदा उपटले. खड्डे अजून तसेच आहेत. परवा त्यातल्या एकात शेरडाचा पाय मोडला.

माघात मी आसारामकडे एक लुगडं मागायला गेले होते. माझ्यासाठी नाही.

तो म्हणाला, "बाई, चेअरमनसायबाचा हुकूम न्हाई. गाठी मोजून ठिवल्यात."

मी म्हणाले, "मोजलेल्यातलं एक कमी झालं तर काय होईल?"

"मोजनी चुकंल," म्हणाला. दादा, तो हसत नव्हता. खरंच त्याला तेवढंच कळत होतं.

आता लुगडं कुणासाठी ते सांगते. गावाबाहेर सटवा धनगराचं घर आहे ना, त्याची बायको दगडाबाई आणि सून बायडाबाई. त्यांच्या निम्म्या मेंढ्या मेल्या, उरलेल्या घेऊन सटवा आणि त्याचा लेक गोदावरीच्या काठाला गेले. या दोघी तलावाच्या कामावर खडी फोडायला लागल्या. बायडाची पोरगी आठ दिवस बालवाडीत आली नाही म्हणून मी बघायला गेले. दाराला गोणपाट लावलेलं. मी हाक मारली तर बायडा आतूनच बोलली.

"बाई, आत येऊ नका."

"कावून गं?"

"आत्या कामावर गेल्यात."

"मग तू काय करायलीस?"

"आत्या येस्तोवर बसायले."

मला काही समजेना. मी गोणपाटाला हात घातला तशी ती ओरडली, "बाई, लुगडं आत्यानं नेलंय."

दोघी सासूसुनांत एक लुगडं होतं. एक दिवस सासू कामावर जायची, एक दिवस सून. जिची पाळी नसेल ती गोणपाटामागे बसायची. पोरगी कुणाबरोबर पाठवणार? आणि एकाआड एक दिवस हजेरी लागते म्हणून मुकादमानं दोघींचीही नावं काढायला घेतली होती. कपडा नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून कपडा नाही. तिथून सोसायटीचं गोदाम दिसतं, दादा. गोणपाटाच्या फटीतून दिसतं.

मी माझं एक पातळ तिला दिलं. घरी येऊन हे मी कुणाला सांगितलं ते सोड. पण मग कळलं की अशी घरं एक नाही, अकरा आहेत. माझ्याकडे अकरा पातळं कुठली?

चैत्रात, पाडव्याचा मंडप तिसऱ्यांदा उपटल्यावर, सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला गोदाम उघडलं. दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत. कुलूप मी दगडानं तोडलं. पंचनाम्यात तसं लिहिलंय, ते बरोबर आहे. त्याच्याबद्दल आणखी काही विचारू नकोस.

आत काय होतं ते तुझ्या मोजणीत नसेल. खालच्या तीन गाठींना वाळवी लागली होती. हात लावला तर माती हातात आली. दोन गाठींत उंदरांनी पिलं घातली होती. म्हणजे बावीस नव्हत्याच, सतराच होत्या. आसारामनं मात्र तक्रारीत बावीस लिहिल्यात.

सतरा गाठी आम्ही बालवाडीच्या खोलीत आणून सोडल्या. कोट, पाटलोणी, झगे, पडदे, पाचवारी पातळं, कुणाच्या तरी लग्नातला काळा सूट, गळ्याला बांधायच्या पट्ट्या. त्या पट्ट्या काय असतात ते बायकांना कळेना. शेवटी बायडानं एक कासऱ्यासारखी ओढून बघितली आणि म्हणाली, मजबूत हाय.

तुला वाटेल, बायकांनी झडप घातली असेल. कुणी हात लावला नाही. सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. दगडाबाईनं विचारलं, "ह्ये कुनी दिलंय?"

"मुंबईच्या लोकांनी."

"त्यायला काय दिलं आपुन?"

मी म्हणाले, काही नाही. मग ती उठली आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण अर्ध्या तासानं ती एक घोंगडं घेऊन आली. मेलेल्या मेंढ्यांच्या लोकरीचं, सटवानं विणलेलं. म्हणाली, "घरात दोन हायेत. एक इथं ऱ्हाऊ द्या. ज्याला लागंल त्यो नील." घोंगडं खाली ठेवलं आणि मग पातळांच्या ढिगाला हात घातला.

तिथून सगळं सुरू झालं. रिकाम्या हातानं कुणी आलं नाही. ज्यांची विहीर आटली त्यांनी नाडा आणि पोहरा आणला, तो आपल्या विहिरीवर शेंदणाऱ्यांनी नेला. ज्यांनी जनावरं विकली त्यांनी दावी आणि कासरे आणले, ते छावणीत गेले. कुणी घमेलं, कुणी पाळणा, कुणी जात्याचा खुंटा. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्यानं झाडून दिलं, पाणी भरलं. मी कुणाचं नाव लिहून घेतलं नाही. कुणाला रांगेत उभं केलं नाही.

आमच्या बायका नऊवारी नेसतात आणि मुंबईची पातळं पाचवारी. म्हणून दोन-दोन जोडून एक केलं. निम्मी जांभळी, निम्मी पिवळी. अंबाजोगाईला शिकलेलं शिवण असं कामाला आलं. कोटांच्या बाह्या कापून खडी फोडणाऱ्यांच्या हातांना मोजे केले, पाठीच्या कापडातून गुडघ्याखाली घालायला गाद्या. पाटलोणींतून पोरांच्या चड्ड्या निघाल्या. काळा सूट गहिनीनाथतात्यांनी घेतला, धोतरावर तो कोट घालून ते छावणीला जातात. तिथले लोक त्यांना साहेब समजून वाट देतात, म्हणाले.

आता बुधवारचं सांगते. आसाराम केजहून जमादाराला घेऊन तलावाच्या कामावर आला. हातात यादी. तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, सोसायटीचा माल अंगावर दिसायला लागलाय, जप्त करा. मी पोरांना सुकडी वाटून नुकतीच तिथे पोहोचले होते. हातोड्यांचा आवाज थांबला. शंभरेक बायका असतील.

दगडाबाई उठली. जमादाराच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली, "सायेब, काडून देते. पर म्या एकदा काडलं की मागं वळून जायची न्हाई. हितंच खडी फोडीत बसंल. तुमी बसून बगा."

तिच्या मागे बायडा उठली. मग एकेक करून बाकीच्या उठल्या.

जमादार म्हातारा माणूस होता. त्यानं टोपी काढली, घाम पुसला आणि आसारामला म्हणाला, "मला हितं चोरीचा माल कुटं दिसना बे. तुला दिसत आसंल तर तू काडून घे." आणि जीपकडे चालू लागला. आसाराम यादी घडी घालीत त्याच्या मागे गेला. बायका खाली बसल्या आणि हातोडे सुरू झाले.

हेच कपडे मी घराघरांतून परत गोळा करावेत म्हणतोस?

डोळे दुखायला लागले. बाकीचं नंतर.

मंगळवार, १ मे

दादा, वरचं पत्र मी रविवारीच पाकिटात घालणार होते. घातलं नाही. त्याचं कारण आता सांगावं लागेल.

गोदाम उघडल्यावर वहिनी भावाच्या आजारपणाला माहेरी गेली, तेवढंच तुला ठाऊक आहे, पण ती आता माहेरी नाही. तिच्या भावाचा ताप उतरला आणि ती चार दिवसांतच माजलगावकडून परत आली. तेव्हापासून परसातल्या माझ्या खोलीत आहे, पुढच्या घरात जात नाही, माझ्यासमोर बसून काजं करते. तुला कळवू नको असं मीच तिला सांगितलं होतं. परवा तिनं विचारलं, भावाला काय लिहिलं ते वाचून दाखवा. मी दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. सुईत दोरा ओवून झाल्यावर म्हणाली,

"मुक्ताबाई, खोटं कावून लिवलं?"

"कुठलं खोटं?"

"कुलूप तुमी तोडलं म्हून."

मी म्हणाले, वहिनी, ते तसंच राहू दे. माझं काय जाणार आहे? मला नवरा नाही. बालवाडी गेली तर शिवणाचं मशीन आहे. तुला मात्र एकदा दीड वर्ष माहेरी बसवलं होतं. मूल होत नाही म्हणून दुसरी बघायचंही चाललं होतं. आता निमित्त मिळालं तर पुन्हा बसवतील.

ती म्हणाली, "बसवू द्या. पर म्या केलेलं तुमच्या नावावर जाऊ द्यायची न्हाई. जल्मात एकच काम सोताच्या मनानं केलंय, त्ये बी तुमी घिऊन टाकलं."

हे ऐकून मला लाज वाटली, दादा. मला वाटत होतं मी तिला वाचवते आहे. म्हणून खरं काय झालं ते आता लिहिते, तिच्यासमोर, तिला वाचून दाखवत.

बायडाबाईचं मी घरी येऊन सांगितलं ते वहिनीलाच. तिनं त्याच संध्याकाळी स्वतःचं पातळ दिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आलेल्या बायकांकडे ती पहिल्यांदाच नीट बघत होती. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, ते बघत होती. पाडव्यापर्यंत तिनं नेसूचं एक आणि वाळत घालायचं एक ठेवून बाकी सगळी पातळं देऊन टाकली. लग्नातला शालूसुद्धा. तो आता तिघींच्या चोळ्यांत आहे. आणि सगळं संपल्यावर ती देव्हाऱ्यापुढे गेली. गोदामाची तुझी चावी तिथे डबीत असते, हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

सोमवारी सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन, एकटी, चावडीवरून चालत गेली. चेअरमनची बायको कधी चावडीवरून चालत गेलेली लोकांनी बघितली नव्हती. चार माणसं उठून उभी राहिली. तिनं कुलूप उघडलं, दार लोटलं आणि उंबऱ्यावर बसून मला निरोप पाठवला, या, मला एकटीला उचलत न्हाई.

मी धावत गेले. आधी माझ्या मनात कपडे आलेच नाहीत, तू आलास. तिला उठवून मी घरी पाठवलं, चावी डबीत ठेवायला लावली. मग एक धोंडा घेतला आणि उघडलेलं कुलूप उंबऱ्यावर ठेवून फोडलं. ज्या चार माणसांनी वहिनीला जाताना बघितलं त्यांनीच पंचनाम्यात सांगितलं की बाईनं दगडानं तोडलं. मी त्यांना विनवणी केली नव्हती. त्यांनी आपण होऊन सांगितलं. तुझ्या गावात तुझ्या बायकोला तुझ्यापासून वाचवायला चार पुरुष खोटं बोलले. यावर तू विचार कर.

वहिनी म्हणते, आता बरोबर हाय.

शुक्रवार, ४ मे

काल रात्रीच्या गाडीनं आसाराम बीडला गेला म्हणतात, तेव्हा तुला हे आधीच कळलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

काल सकाळी गहिनीनाथतात्यांनी सोसायटीची सभा बोलावली. उपाध्यक्ष म्हणून त्यांना तो हक्क आहे, नियमाचं पुस्तक त्यांनी आसारामलाच वाचायला लावलं. मारुतीच्या पारावर शहाण्णव सभासद आले. तुझ्या निवडीलासुद्धा एवढे नव्हते. तात्या काळा कोट घालून आले होते.

वहिनीनं मला सांगितलं नव्हतं. ती उठली, पाराच्या खाली उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुलूप म्या उघडलं. चावीनं. मुक्ताबाईचा काई गुन्हा न्हाई. ज्याला काय म्हनायचं त्यानं मला म्हनावं."

आसाराम म्हणाला, "वैनी, तुमी घरी जावा, ह्या बाया-मानसाच्या गोष्टी न्हाईत." तेव्हा मागून दगडाबाईचा आवाज आला. तिला जमीन नाही म्हणून ती सभासद नाही, लांब चिंचेखाली उभी होती. "मंग लुगडी कुनाची गोष्ट हाय रं, आसाराम?" लोक हसले. आणि हसल्यावर पुढचं सोपं झालं.

तीन ठराव झाले. तक्रार सोसायटीच्या वतीनं मागे घ्यायची. यापुढे गावाला मदत म्हणून जे येईल ते आठ दिवसांत वाटायचं, कुणी येवो न येवो. गोदामाची रस्त्याकडची खोली बायकांकडे राहील, तिथे ज्याला जे जास्तीचं असेल ते त्यानं ठेवावं आणि ज्याला लागेल त्यानं न्यावं. नव्या कुलपाची एक चावी वहिनीकडे आणि एक दगडाबाईकडे. सभासद नसलेल्या बाईकडे चावी कशी, असं आसारामनं विचारलं. तात्या म्हणाले, तिच्याकडं चावी आसली की गोदाम रातभर उघडं ठिवलं तरी चालतंय.

तुझ्या विरुद्ध ठराव आणा, असंही एकजण म्हणाला होता. तो मी आणू दिला नाही. तुला उपकार वाटू नयेत म्हणून कारण लिहिते. तुला खुर्चीवरून काढणं सोपं होतं. पण खुर्चीवर बसून तुला हे बघावं लागावं, असं मला वाटतं.

तू लिहिलंस तसे मंत्री सोमवारी येणार असतील तर येऊ देत. बायका कामावर असतील. ज्याला भेटायचं असेल त्यानं तलावावर यावं, तिथे सावली नाही, टोपी आणावी. वाटायला गोदामात काही उरलेलं नाही. मंडपात वहिनी येणार नाही आणि मीही येणार नाही.

राहिलं बालवाडीचं. तुझ्या शब्दानं मला ती मिळाली, तुझ्या शब्दानं काढून घे. सत्तावीस पोरं गोदामाच्या खोलीसमोरच्या लिंबाखाली बसतील. ती मला ओळखतात, सरकारला ओळखत नाहीत.

आणि वहिनी. ती म्हणते, घर तिचं आहे आणि ती घरी येईल. पण कुणी बोलावलं म्हणून नाही, आणि निरोप धाडून तर नाहीच. तू एसटीनं फाट्यावर उतरून तलावाच्या बांधावरून चालत यायचं. तिथे शंभर बायका बसलेल्या असतील. त्यांच्या अंगावर काय आहे ते बघत यायचं. माझ्या खोलीच्या दाराशी येऊन तिला नावानं हाक मारायची. "केशर" म्हणून. बारा वर्षांत तू तिला 'अगं' आणि 'ए' याशिवाय काही म्हणालेला नाहीस, असं ती म्हणाली. मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं.

आलास तर भाकरी तयार असेल. पिठलंही असेल. नाही आलास तरी आम्ही दोघी उपाशी राहणार नाही, आणि रडतही बसणार नाही. कामं पुष्कळ आहेत. काल रस्त्याकडच्या खोलीत शेजारच्या गावचे लोक येऊन गेले. त्यांच्याही सोसायटीत गाठी पडून आहेत म्हणाले, कुलूप कसं उघडायचं ते विचारत होते. वहिनी उद्या त्यांच्याबरोबर जाते आहे.

तुझ्यावर राग आहे, आणि तो लपवायचा नाही असं ठरवून हे लिहिणारी,

तुझी धाकटी बहीण
मुक्ता

आणि हा शेजारी डाव्या हाताचा अंगठा, शुद्धीवर, स्वखुशीनं, चांगल्या उजेडात उठवलेला,
केशरबाई मोहनराव यांचा.